नवीन ६० हॉर्सपॉवरच्या इंजिनांची जोडी बसवली, पण भरलेली बोट उठत नाही. पंखा (प्रोपेलर) कुठला घेऊ?

देवबागकर_बाबू (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

देवबागला आमची २६ फुटी फायबरची पर्यटकांची बोट आहे. डॉल्फिन, संगम, त्सुनामी आयलंड, मधूनच सिंधुदुर्ग किल्ल्यामागे स्कूबावाल्यांना घेऊन जाणं. एवढी वर्षं ४० ची टू-स्ट्रोक जोडी होती. धूर, आवाज, तेल मिसळायची कटकट, पण बिचाऱ्यांनी घर चालवलं. या पावसाळ्यात कर्ज काढून यामाहा एफ ६० ची जोडी बसवली. फोर-स्ट्रोक, पॉवर ट्रिम (बटणाने इंजिन आतबाहेर कलवायची सोय), सगळं कोरं. नारळ फोडताना बाबा एवढंच म्हणाले, "जुन्यात काय वायट होता रे?"

आता रोज तेच ऐकतोय. ८० ची ताकद होती ती १२० झाली, तर बोट उडायला हवी ना? रिकामी असते तेव्हा पळते. पण १२ पर्यटक आणि आम्ही दोघं बसलो की नाळ (पुढचं टोक) आकाशात, मागचा भाग पाण्यात, आणि उठायला, म्हणजे पाण्यावर सपाट होऊन पळायला, इतका वेळ घेते की लोक विचारतात, "दादा, काही बिघडलंय का?"

आकडे देतो:

पंखे सोबत आले तेच. ॲल्युमिनियम, तीन पात्यांचे, १४ पिच, दोन्हीकडे सारखेच.
तिघेजण, अर्धी टाकी: हँडल पूर्ण पुढे, मीटरवर ५९०० आरपीएम (मिनिटाला फेरे), जीपीएसवर २५ नॉट.
१४ माणसं, टाकी भरलेली: मीटरवर ५५००, २० नॉट, तेही रडतखडत.

पुस्तिकेत फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० लिहिलंय. बसवणारा म्हणतो, "मीटर रेंजमध्ये आहे म्हणजे पंखा बरोबर आहे, तुमचा लोड जास्त आहे." काका म्हणतात स्टीलचा घे. भाचा म्हणतो चार पात्यांचा घे. शेजाऱ्याच्या एफ ७० वर १५ चा पंखा आहे आणि त्याची बोट मस्त उठते, म्हणून मित्र म्हणतो तोच घे. दोन पंख्यांचे पैसे म्हणजे आमचा आठवड्याचा धंदा. एकदाच घ्यायचेत.

---

टँपाकर, सोमवार, रात्री ११:१५

बाबू, अभिनंदन! मी फ्लोरिडात आहे, माझी २२ फुटी सिंगल इंजिनवाली. इथल्या अनुभवावरून सांगतो, सरळ स्टेनलेसचा चार पात्यांचा घे. स्टीलची पाती पातळ असतात आणि दाब आला तरी वाकत नाहीत, ॲल्युमिनियम जोर लागला की लवतं. चौथं पातं आलं की पंखा पाणी घट्ट धरतो, मागचा भाग वर उचलतो आणि कमी स्पीडलाही बोट उठलेली राहते. तुझा त्रास नेमका तोच आहे.

आणि एक, इकडे काही दुकानदार पंखा ट्रायलला देतात, नाही जमला तर बदलून घ्यायचा. तिकडे विचारून बघ.

---

हर्णैचा_तांडेल, मंगळवार, पहाटे ५:५०

टँपाकर, तुमच्या टँपाच्या उपसागरात तळाला वाळू नि गवत. बाबूची बोट जाते किल्ल्याच्या खडपांत. तिथे फरक पडतो.

ॲल्युमिनियमचं पातं खडकावर आपटलं तर पातं जातं. दीड-दोन हजारांत ठोकून, वेल्डिंग करून घेतो, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. स्टीलचं पातं जात नाही, धक्का आत जातो. मध्ये रबराचा हब असतो, तो बराचसा खातो, पण सगळा खात नाही. आमच्या बंदरात एकाने हौसेने स्टील बसवलं, ओहोटीला खडपावर घातली. पंखा तसाच चकाचक. आतले गिअर बदलले. पंखा दिवाणखान्यात ठेवलाय.

खाडीच्या तोंडावर ज्याचं पोट आहे त्याने ॲल्युमिनियम घ्यावं आणि एक स्पेअर बोटीतच ठेवावा. स्टील हे स्पीडवाल्यांचं काम.

---

काठावरचा, मंगळवार, सकाळी ९:०५

मी पुण्यात बसून फक्त वाचतोय, बोट कोकणात गेल्यावरच दिसते. पण हे १४ पिच म्हणजे काय ते कोणी मराठीत सांगेल का?

---

खटपट्या_अलिबाग, मंगळवार, सकाळी ९:४८

सांगतो. पंख्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. लाकडात स्क्रू फिरवला की एका फेऱ्यात जेवढा आत जातो ती त्याची पिच. पंखा पाण्यात स्क्रूसारखाच शिरतो. १४ पिच म्हणजे एका फेऱ्यात १४ इंच पुढे. पण पाणी काही लाकूड नाही, त्यामुळे थोडा घसरतो. ती घसर म्हणजे स्लिप.

पिच मोठी म्हणजे गाडीचा वरचा गिअर. भरलेली एसटी चौथ्यात टाकून करूळ घाट चढवायला घेतलीत तर काय होईल? इंजिन घरघरतं, तापतं, डिझेल पितं, चढत मात्र नाही. पिच फार लहान केली तर उलटं, सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये बोंबलत जाणं. साधारण हिशेब असा की एक इंच पिच कमी केली की फुल थ्रॉटलचे आरपीएम दीडशे ते दोनशेने वाढतात.

आता बाबूकडे वळतो. लक्षणं सगळी मोठ्या पिचची आहेत. मी आकडे न वाचता ऐकलं असतं तर सांगितलं असतं, बाबा, १२ किंवा ११ वर ये. पण तुझा मीटर रिकाम्या बोटीला ५९०० दाखवतोय. ११ लावला तर रिकाम्यात साडेसहा हजारांकडे जाणार, लिमिटर (जास्त फेरे रोखणारा) लागणार. त्यामुळे माझी पण गाडी इथे अडली.

शेजाऱ्याच्या १५ चं मात्र विसर. एफ ७० चा गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) २.३३, तुझ्या एफ ६० चा १.८५. त्याचा पंखा इंजिनाच्या एका फेऱ्यात सुमारे ६.४ इंच सरकतो (१५ भागिले २.३३). तुझा १४ वाला ७.६ इंच. म्हणजे आकड्यात त्याचा पंखा मोठा असूनही चढावर तो तुझ्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये आहे! तुझ्या इंजिनावर त्याच्या १५ ची बरोबरी १२ करेल. पंख्यावरचा आकडा दुसऱ्याच्या बोटीवरून उतरवून घ्यायचा नसतो तो यासाठी.

---

देवबागकर_बाबू, मंगळवार, दुपारी २:२०

खटपट्या दादा, हे ७.६ आणि ६.४ वालं भारी सांगितलंत. आता शेजाऱ्याच्या पंख्याकडे बघून जीव जळायचा थांबेल.

तांडेल काका, तुमचं पटतं. गेल्या वर्षी जुन्या इंजिनाचं एक पातं मीच खडपावर घातलंय, बाबांना अजून माहीत नाही.

अजून एक राहिलं. वळताना, लाट आडवी असली तर, एखादं इंजिन एकदम किंचाळतं आणि स्पीड पडतो. सरळ गेलो की बरोबर.

---

दर्यादुर्गा, मंगळवार, रात्री १०:३०

बाबू, मी मरीन इंजिनीअर आहे, मोठ्या जहाजांवर बरीच वर्षं काढली, आता मुंबईत. पंखा कुठला घ्यायचा ते जरा बाजूला ठेव, आधी तुझे आकडे तपासू. मला त्यात काहीतरी खटकतंय.

सूत्र साधं आहे. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५. हा स्लिप नसताना मिळणारा स्पीड, नॉटमध्ये.

रिकामी बोट: ५९०० × १४ ÷ १.८५ ÷ १२१५ = ३६.७ नॉट. तुला मिळाले २५. स्लिप ३२ टक्के.
भरलेली: ५५०० × १४ ÷ १.८५ ÷ १२१५ = ३४.३ नॉट. मिळाले २०. स्लिप ४२ टक्के.

उठलेल्या हलक्या बोटीला स्लिप १० ते २० टक्के असावी. भरलेली, अर्धवट उठलेली असेल तर २५-३० समजू शकते. पण तीन माणसांत, २५ नॉटला, ३२ टक्के? पंखा एवढा घसरत असता तर तुला ते पाठीत जाणवलं असतं, फेस काढत नुसता फिरला असता. तसं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. उलट रिकामी पळते म्हणतोस.

म्हणजे तीनातलं एक चुकीचं आहे. स्पीड, पिच किंवा आरपीएम. जीपीएस सहसा खोटं बोलत नाही, फक्त एकाच दिशेला घेतलं असेल तर ओहोटीचा ओघ त्यात मिसळतो. पिच पंख्यावर कोरलेली असते. राहिला मीटर.

तीन प्रश्न:
१. स्पीड जाताना-येताना दोन्ही दिशांना घेतलास का?
२. इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलला मीटर किती दाखवतो?
३. मीटर इंजिनासोबत आलेला आहे की बाहेरचा?

---

टँपाकर, बुधवार, पहाटे ४:१२

ताई, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी सरळ पंखा विकायला निघालो होतो :)

---

देवबागकर_बाबू, बुधवार, रात्री ८:५५

ताई,
१. दोन्ही दिशांना घेतला. देवबाग ते तारकर्ली आणि परत, सरासरी काढली. एकीकडे २६, एकीकडे २४.
२. गरम झाल्यावर ९०० दाखवतात, दोन्ही. पुस्तिका काढून बघितली, तिथे ७०० ते ८०० लिहिलंय. नवीन इंजिन आहे म्हणून जास्त असेल असं मला वाटलं होतं.
३. बाहेरचे. कंपनीचा डिजिटल सेट महाग पडत होता, म्हणून बसवणाऱ्याने काट्याचे गोल मीटर आणले. दोन, सारखेच.

---

दर्यादुर्गा, बुधवार, रात्री ९:२०

चावी बंद कर, मीटर पॅनलमधून काढ आणि त्याची पाठ बघ. तिथे बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा एक खाचेचा गोल असतो, भोवती आकडे असतात. बाण कुठल्या आकड्यावर आहे ते सांग. फिरवू नकोस अजून, आधी फोटो काढ.

हा काट्याचा मीटर आरपीएम मोजत नाही. इंजिनाच्या चार्जिंग कॉइलमधून येणारे ठोके मोजतो. एका फेऱ्याला किती ठोके, ते त्याला त्या खाचेच्या गोल चावीने सांगावं लागतं. ते चुकीचं सांगितलं तर तो प्रामाणिकपणे चुकीचं दाखवतो. तुझ्या इंजिनाच्या चार्जिंगला १२ पोल (चुंबकाची टोकं) आहेत, म्हणजे फेऱ्याला ६ ठोके. चावी ६ वर हवी.

---

देवबागकर_बाबू, बुधवार, रात्री १०:४५

ताई.

५ वर आहे. दोन्ही ५ वर.

मोबाईलच्या उजेडात बोटीत उताणा पडून बघितलं. बाणाच्या बाजूला ४, ५, ६ असे आकडे. बाण बरोबर ५ वर, कोणी हातही लावलेला दिसत नाही, कारखान्यातून आला तसाच.

---

हर्णैचा_तांडेल, गुरुवार, पहाटे ५:३०

व्हय म्हाराजा!

बाबू, बसवणाऱ्याला शिव्या घालू नकोस, पण फोन जरूर कर.

---

खटपट्या_अलिबाग, गुरुवार, सकाळी ८:३०

आता सगळं जुळलं. ठोके ६, मीटरला वाटतंय ५, म्हणजे प्रत्येक आकडा सहा-पंचमांश फुगलेला. ९०० चे ७५०, अगदी पुस्तिकेतले! ५९०० चे खरे ४९१७ आणि ५५०० चे ४५८३.

म्हणजे भरलेल्या बोटीला इंजिन ५००० ची खालची हद्दसुद्धा गाठत नाहीये. घरघर का होती ते कळलं. बाबू, हा सीझन असाच काढला असतास तर कर्ज फिटायच्या आधी इंजिनाने हात टेकले असते. फुल थ्रॉटलला इंजिन त्याच्या रेंजच्या खाली दाबून चालवलं की पिस्टन-बेअरिंगवर ताण, कार्बन आणि पेट्रोलचा धूर. आणि मीटरवर सगळं छान!

स्लिप पण मी परत काढली. रिकामी १८ टक्के, भरलेली ३०. ताईंनी सांगितलेल्या चौकटीत बसली.

---

काठावरचा, गुरुवार, सकाळी ११:००

रहस्यकथा वाचतोय असं वाटलं. म्हणजे आता १२?

---

खटपट्या_अलिबाग, गुरुवार, दुपारी १२:१०

मी ११ म्हणेन. हिशेब भरलेल्या बोटीवरून धरायचा, कारण धंदा भरलेल्या बोटीवर आहे. खरे ४५८३. १२ लावला तर दोन इंच, तीनशे-चारशे वाढतील, म्हणजे ४९०० ते ५०००. कशीबशी चौकट. ११ लावला तर ५०५० ते ५२००. रिकाम्या बोटीला साडेपाच हजारांपर्यंत जाईल, तेही आतच. लिमिटर लागायची भीती नाही.

१० चाही विचार करता येईल, पण मग परतीला रिकामी येताना इंजिन विनाकारण जास्त फिरेल. चार पात्यांच्या भानगडीत आत्ता पडू नको. चौथं पातं आरपीएम थोडे खातं, आणि तुला तर आरपीएम वाढवायचेत. कधी घेतलाच तर त्यात पिच आणखी एक इंच उतरवावी लागेल हे धरून चाल.

---

टँपाकर, गुरुवार, दुपारी ३:४०

+१. चार पात्यांचं मी मागे घेतो. स्टीलचं मागे घेत नाही, पण बाबूला सध्या नको हे मान्य.

---

दर्यादुर्गा, गुरुवार, रात्री ९:१५

११ ला माझीही सहमती, पण विकत घेऊ नकोस, आधी कोणाकडून तरी उसना आण. दोन आकडे जुळले की पंखा जुळेलच असं नाही. पंख्यावर पिचनंतर इंग्रजी अक्षर असतं, ते बघ. यामाहात ते अक्षर गिअरकेसचं घराणं सांगतं. तुझ्या इंजिनाला जी आहे, पुढच्या मोठ्या इंजिनांना के. अक्षर वेगळं तर आतले दाते वेगळे.

आणि ते किंचाळणं. वळताना एकच इंजिन ओरडतं म्हणजे पंखा हवा खातोय. याला लोक सरसकट कॅव्हिटेशन म्हणतात, ते नाही. कॅव्हिटेशनमध्ये कमी दाबाने पाण्याचीच वाफ होते, बुडबुडे पात्यावर फुटतात आणि पातं खडबडीत होतं. तुझ्याकडे वरून हवा ओढली जाते, व्हेंटिलेशन. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित वरखाली असली पाहिजे.

जोडी इंजिनात इथे सगळे फसतात. तळ व्ही आकाराचा असतो. एकच इंजिन मध्यावर, सगळ्यात खोल ठिकाणी बसतं. दोन बसवली की ती बाजूला सरकतात आणि तिथे तळ वर चढलेला असतो. माप मधल्या कण्यावरून घेतलं तर खोटं येतं, इंजिनाच्या बरोबर समोरच्या तळावरून घ्यायचं. सरळ पट्टी लावून किती बोटं वर आहे ते सांग.

---

देवबागकर_बाबू, शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

ओहोटीला बोट वाळूवर टेकली तेव्हा पट्टी लावली. डावं तळापेक्षा अर्धा इंच वर, उजवं सव्वा इंच. दोन्ही इंजिनं सारखी नाहीतच! उजवंच ओरडतं. बोल्टाला आणखी भोकं आहेत, एक भोक खाली घेणार.

बसवणाऱ्याला फोन केला. "मीटर चालत होता ना?" म्हणाला. मी काय बोलणार. उंचीचं मात्र मान्य केलं, पोराला पाठवतो म्हणाला.

तारकर्लीच्या एका ओळखीच्या माणसाकडे ११ चे दोन आहेत, त्याने १३ वर जाताना काढलेले. उद्या आणतो. अक्षर जी आहे, फोटोवर खात्री केली.

---

हर्णैचा_तांडेल, शुक्रवार, रात्री ८:१०

पंखा काढशील तेव्हा घाई करू नकोस. कॉटर पिन सरळ कर, नट सोडव, पण पंखा ओढून बाहेर काढला की आधी दांड्यावर बघ. तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) गुंडाळलेला असतो नेहमी. तो सीलमध्ये घुसतो, सील कापतो, आणि पाणी आत जातं. गिअरचं तेल दुधासारखं पांढरं दिसलं की समज.

वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पंचावर मांड. पुढचा जाड वॉशर उलटा बसवणारे मी बघितलेत. दांड्याला ग्रीस चोप, मरीनचंच, नाहीतर पुढच्या वर्षी पंखा हातोड्याने काढावा लागेल. कॉटर पिन नवी घाल. जुनी परत घालून दोन रुपये वाचवणाऱ्यांचे पंखे समुद्राच्या तळाशी आहेत.

अवांतर: त्या गेल्या वर्षीच्या पात्याचं बाबांना सांगून टाक.

---

रेवदंड्याचा_नाखवा, शुक्रवार, रात्री १०:००

एक माझ्याकडून. जोडीत दोन्ही पंखे उजवीकडेच फिरणारे असले की सुकाणू एका बाजूला ओढतं. मोठ्या इंजिनात एक उलटं फिरणारं मिळतं, ६० मध्ये तो प्रश्नच येत नाही. पंख्याच्या वर, पट्टीखाली एक छोटी शेपटी असते, बोल्ट ढिला करून थोडी फिरवायची. लोक तिला नुसतं झिंक (गंज स्वतःवर घेणारा तुकडा) समजून विसरतात.

आणि इंजिन बदललंय तर मेरीटाइम बोर्डाकडच्या कागदावर नवी ताकद चढवून घे. तपासणीला आले की आधी तेच बघतात.

---

देवबागकर_बाबू, रविवार, रात्री ९:१०

ट्रायल झाली. सगळं सांगतो.

काल सकाळी उजवं इंजिन एक भोक खाली घेतलं. मीटरच्या चाव्या ६ वर फिरवल्या, गरम इंजिनाला ७५० दाखवले, दोन्ही. पंखे काढले. तांडेल काका, उजव्या दांड्यावर चार-पाच वेढे तंगूस होता, हिरवा. महिन्याभरात! तेल अजून स्वच्छ आहे, सील वाचली.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून गल्लीतली पोरं आणि दोन मामा गोळा केले, मोजून १४ माणसं, टाकी भरलेली, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेटं, सगळं रोजचं वजन. तीच तारकर्लीची फेरी, दोन्ही दिशांना.

भरलेली: खरे ५२५०, साडेएकवीस नॉट. स्लिप १६ टक्के आली, दोनदा तपासली. पण मुख्य म्हणजे उठते कशी. आधी मी मनात "एक हजार एक, एक हजार दोन" मोजायचो, २५ च्या पुढे जायचं. आज ११ मोजेपर्यंत नाळ खाली आली आणि मागचा फेस एकदम सपाट झाला. मागे बसलेला मामा पडता पडता वाचला.

रिकामी: ५६००, साडेचोवीस नॉट. म्हणजे वरचा स्पीड अर्धा नॉट गेला. डॉल्फिन बघायला जाताना तो कोणाला हवाय?

वळताना उजवं आता ओरडत नाही. आडव्या लाटेत एकदाच किंचित चढलं, ट्रिम थोडं आत घेतलं, गप्प बसलं.

बाबा काठावर उभे होते. परत आलो तर म्हणाले, "आता उठली मगे." हीच आमच्याकडची शाबासकी.

---

दर्यादुर्गा, रविवार, रात्री ९:४०

फार छान. स्लिप ३० वरून १६ वर आली हे फक्त पिचमुळे नाही, बोट पूर्ण उठायला लागली म्हणून, आणि उजवा पंखा आता हवा खात नाही म्हणूनही.

आता एक काम कर. पंख्याच्या मधल्या भागावर, आतल्या पितळी बुशवरून रबर ओलांडून बाहेरच्या भागापर्यंत, रंगाची एक सरळ रेघ ओढ. कधीतरी आरपीएम वाढतील आणि स्पीड पडेल. तेव्हा रेघ बघ. तुटलेली दिसली तर हब फिरलाय, पंखा आणि दांडा एकत्र फिरत नाहीत. रेघ सरळ असेल तर दुसरीकडे शोध.

---

देवबागकर_बाबू, सोमवार, सकाळी ७:२०

ओढली. बायकोचं लाल नेलपेंट. दुसरं मागवून देतो सांगितलंय.

तारकर्लीवाला ११ ची जोडी विकायला तयार आहे, नव्याच्या निम्म्या किमतीत. एका पात्याची कड थोडी खाल्लेली आहे, कानशीने घासली तर चालेल का?

---

खटपट्या_अलिबाग, सोमवार, सकाळी ८:४५

बारीक खाच असेल तर गुळगुळीत करून घे, पण तिन्ही पात्यांची कड सारखी राहिली पाहिजे, एकच घासलीस तर थरथर येईल. खाच नखापेक्षा खोल असेल तर पंखेवाल्याकडे देऊन भरून बॅलन्स करून घे. १४ ची जोडी विकून टाक.

---

श्रीवर्धन_सफर, सोमवार, सकाळी ११:३०

अप्रतिम धागा, वाचनखूण साठवली. माझीही तीच अडचण आहे, फक्त ११५ ची जोडी, ३२ फुटी बोट, १७ पिच. मीटर ५६०० दाखवतो, बोट जड. १५ घेऊ का?

---

देवबागकर_बाबू, सोमवार, सकाळी ११:५०

दादा, न्यूट्रलला किती दाखवतो?